टोकियोतला गोजिरा

घरात लहान मूल असलं की 'गोजिरा' हा शब्द आपल्या तोंडात सहज येतो. साजिरा-गोजिरा, गोजिरवाणा. जपानी माणसाच्या तोंडीही तो सारखा असतो. फक्त त्यांचा गोजिरा पन्नास मीटर उंच आहे, समुद्रातून वर येतो, रेल्वेचा डबा दातात धरतो आणि तोंडातून निळा जाळ काढतो. बाकी जगाने त्याचा 'गॉडझिला' केला. मूळ नाव दोन शब्दांच्या जोडणीतून झालं आहे. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा.

आमच्या नातवाला मी पाळण्यापासून 'माझा गोजिरा' म्हणत आले. तो तीन वर्षांचा असताना मुलाला टोकियोत नोकरी लागली आणि तिथल्या बालवाडीत गेल्यावर नातवाला शोध लागला की आजी आपल्याला राक्षस म्हणते. तो इतका खूश झाला की तेव्हापासून त्याने दुसरं कुठलंही लाडाचं नाव चालवून घेतलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी बडोद्याहून त्यांच्याकडे दिवाळीसाठी गेले. नातू अकरा वर्षांचा झाला होता. मुलाचं घर निशी-कसाई भागात आहे. टोकियोतली भारतीय वस्ती म्हणाल तर हीच. स्टेशनाबाहेर पडलं की वाणसामानाच्या दुकानात तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो आणि त्या वॉर्डाच्या सभागृहात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. तेव्हा मी चिवडा, अनारशांचं पीठ असलं काही बॅगेत कोंबून नेलं ते केवळ सवयीने. तिथे अडायचं काहीच नव्हतं.

अडत होतं ते भाषेचं. नातू मराठी बोलतो, पण विचार जपानीत करतो हे दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं. 'आजी, पाणी प्यायची का?' इथवर सगळं सुरळीत. शाळेत काय झालं, मित्राशी का भांडलास, असं विचारलं की तो क्षणभर थांबायचा, मनात कुठेतरी शोधून यायचा आणि 'काही नाही' म्हणायचा. व्हिडिओ कॉलवर हे कळत नाही. तिथे आपण फक्त 'जेवलास का' विचारतो. चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलेल्या बाईला स्वतःच्या नातवाशी चार वाक्यांच्या पुढे जाता येईना. सून म्हणाली, "आई, त्याला गोजिराबद्दल विचारा, मग बघा." विचारलं. पाऊण तास तो थांबला नाही. निम्मं जपानीत, पण थांबला नाही.

त्यातूनच ३ नोव्हेंबरचा बेत ठरला.

ही तारीख साधी नाही. पहिला 'गोजिरा' १९५४ मध्ये ३ नोव्हेंबरलाच प्रदर्शित झाला होता. दिग्दर्शक इशिरो होंडा. म्हणून ३ नोव्हेंबर हा तिथे गोजिराचा दिवस समजला जातो. त्यातून ती जपानमध्ये संस्कृती दिनाची राष्ट्रीय सुट्टी. २०२३ मध्ये नेमका शुक्रवार आला आणि त्याच दिवशी 'गोजिरा मायनस वन' हा नवा चित्रपट लागायचा होता. तोहो या कंपनीचा, प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेला हा तिसावा गोजिरापट. लाल गालिचा, फोटोवाले, नटनट्या असा थाटाचा प्रीमियर आधीच १८ ऑक्टोबरला शिंजुकूच्या तोहो इमारतीत झाला होता. आम्हाला त्याच इमारतीत, आपल्या भाषेत सांगायचं तर, फर्स्ट डेचा सकाळचा शो बघायचा होता. माझ्या दृष्टीने खरा प्रीमियर हाच. पैसे देऊन आलेली माणसं काय करतात ते इथेच कळतं.

तिकिटं मुलाने दोन दिवस आधी मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मोबाईलवर काढली. मोठ्या माणसाचं तिकीट २००० येन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अकराशे रुपयांच्या आसपास. साठीच्या पुढच्यांना सवलत आहे. ती मी अभिमानाने घेतली. खुर्ची हलते, वारा येतो, पाण्याचे तुषार उडतात असाही एक खेळ होता. माझ्या कमरेकडे बघून तो रद्द झाला.

खरी अडचण मला तिकिटं निघाल्यावर सांगण्यात आली. चित्रपट जपानी आहे, प्रेक्षक जपानी आहेत, त्यामुळे खाली इंग्रजी अक्षरं येणार नाहीत. आणि जपानच्या चित्रपटगृहात कुजबुजायचं नाही. "मी तुला नंतर सगळं सांगतो," नातू म्हणाला. "प्रॉमिस."

सकाळी आम्ही दोघंच निघालो. मुलगा आणि सून मुद्दामच आले नाहीत, हे मला नंतर समजलं. निशी-कसाईहून मेट्रो, मग कुदानशिताला गाडी बदलून शिंजुकू. शिंजुकू स्टेशनबद्दल लोक एवढं लिहितात की मी लिहीत नाही. मी नातवाच्या दप्तराचा पट्टा धरून चालत राहिले. पूर्वेच्या दाराने बाहेर पडून आठ-दहा मिनिटं चाललं की काबुकीचो लागतं. हा भाग रात्रीचा. दिव्यांच्या पाट्या, बार, नको ती दुकानं. सकाळी मात्र तो पार झोपलेला असतो, झाडूवाले आणि आमच्यासारखे सिनेमाला निघालेले लोक तेवढे दिसतात. एका रुंद गल्लीचं नावच गोजिरा रोड. आणि त्या गल्लीच्या टोकाला, इमारतीच्या आठव्या मजल्याच्या गच्चीवरून, तो खाली डोकावतो.

फोटोत मी ते डोकं पाहिलं होतं. फोटोत ते खेळण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा माथा जमिनीपासून ५२ मीटरवर आहे. म्हणजे तो खरंच तिथे उभा असता तर साधारण तेवढाच दिसला असता, हा त्यामागचा हिशेब. शिंजुकूच्या कारभाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला खास रहिवासी करून घेतलं आणि पर्यटनाचा राजदूतही नेमलं. शहर तुडवणाऱ्यालाच शहराचा दाखला. आपल्याकडे वाघाला वाघोबा म्हणून देव्हारा बांधतात, त्यातलाच हा प्रकार असावा असं मला वाटलं.

वर चित्रपटगृहात गर्दी होती, पण आवाज नव्हता. सत्तरीचे आजोबा एकटे आले होते. कडेवर मुलं घेतलेले बाप होते. गोजिराचे शर्ट घातलेल्या पोरी होत्या. एका काउंटरवर चित्रपटाची पुस्तिका विकायला होती. चित्रं, मुलाखती, लेख असलेली चांगली जाडजूड. चित्रपट पाहायच्या आधीच लोक ती घेत होते आणि कोपरा दुमडू नये म्हणून जपून पिशवीत ठेवत होते. नातवाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली. मक्याच्या लाह्या अर्ध्या खारट, अर्ध्या गोड, खुर्चीला अडकवायच्या ट्रेमध्ये.

दिवे गेले. आणि पुढची दोन तास मला एक शब्द कळला नाही.

सुरुवात युद्धाच्या शेवटाला होते, १९४५. एक तरुण वैमानिक एका बेटावर विमान उतरवतो. चेहऱ्यावरूनच कळतं की याचं काहीतरी बिनसलंय. विमान दुरुस्त करणारा माणूस विमान तपासतो आणि त्याच्याकडे एका विशिष्ट नजरेने बघतो. मी वर्गात चाळीस वर्षं ती नजर वापरली आहे. 'पोट दुखतंय' म्हणून परीक्षा चुकवणाऱ्या मुलासाठीची ती नजर. रात्री राक्षस येतो. अजून लहान आहे, घराएवढा. वैमानिकाला विमानातल्या तोफेपर्यंत पोचता येतं, पण बोट दाबता येत नाही. सकाळी वाळूवर ओळीने माणसं ठेवलेली असतात.

मग तो टोकियोला परततो. घर नाही, आईवडील नाहीत, सगळी गल्ली जळून सपाट. शेजारची एक बाई त्याला बघते आणि धावून येऊन मारू लागते. शब्द कळत नव्हते तरी मला कळलं. तिची मुलं गेली होती आणि हा जिवंत परत आला होता. पुढे त्याच्या पडक्या घरात एक मुलगी येते, तिच्या कडेवर कुणा तिसऱ्याचंच तान्हं बाळ. तीच रागीट शेजारीण बडबड करत, शिव्या घालत, घरातला मूठभर पांढरा तांदूळ आणून बाळाच्या पेजेसाठी देते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राक्षसाच्या सिनेमात तांदळावर रडणारी त्या प्रेक्षागृहात मी एकटी नव्हते. बाजूच्या आजोबांनी चष्मा काढला होता.

राक्षसाचं म्हणाल तर, तो मोठा होऊन परत येतो तेव्हा पाठीवरचे काटे शेपटीकडून मानेपर्यंत एकेक करून खट्‌ खट्‌ वर उठतात, निळे होतात. चित्रपटगृहात त्या वेळी कुणी लाही चावत नव्हतं. ज्यांनी त्याच्यावर आयुष्य घातलं असे चाहतेही ओरडले नाहीत, टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. जाळ निघतो, गिंझा भागातली सगळी रहदारी, माणसं, इमारती एका वाऱ्यात जातात. वर कुत्र्याच्या छत्रीसारखा ढग उभा राहतो. आणि मग काळा पाऊस पडायला लागतो. हिरोशिमावरही बॉम्बनंतर काळाच पाऊस पडला होता. हे मी भूगोलाच्या तासाला शिकवायचे. त्या अंधारात बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात ते कुणीतरी सांगितलेलं असणार.

नंतर बरीच बोलाचाली होते. नौदलातून परतलेले लोक एका सभागृहात जमतात आणि एक विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ बराच वेळ बोलतो. तिथे मला जरा डुलकी येणार होती. शेवट मी सांगत नाही. नावं संपेपर्यंत कुणीही उठलं नाही, दिवे लागल्यावरच माणसं उभी राहिली. प्रत्येकाने आपला ट्रे उचलला, दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिला आणि तिचे आभार मानले. नातवाने माझाही ट्रे उचलला.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजत होते. वरून डरकाळी आली. बारानंतर ठरावीक वेळी तो गच्चीवरून ओरडतो. १९५४ मध्ये हा आवाज कुठल्या जनावराचा नव्हता. कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारेवर चामड्याचा हातमोजा घासून तो काढला होता. ही कल्पना संगीतकार अकिरा इफुकुबे यांची. नव्या चित्रपटातही त्यांची जुनी धून वाजते तेव्हा सगळं प्रेक्षागृह खुर्चीत सरळ होऊन बसलं होतं.

डबा बरोबर होता, म्हणून आम्ही चालत शिंजुकू ग्योएन बागेत गेलो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे शेवंतीचं प्रदर्शन असतं. एका रोपट्यावर शेकडो फुलं अशी वळवलेली की घुमट व्हावा. हिरवळीवर पोळी-भाजी सोडली आणि नातवाने वचन पाळायला घेतलं.

"आजी, तो कामिकाझे होता." ते मला माहीत होतं. शत्रूच्या जहाजावर विमानासकट आदळून मरायचं, असे वैमानिक. "पण तो मेली नाही. तो खोटं बोलला, विमान खराब आहे असं. मग सगळे म्हणाले, का आला परत?" लिंगं चुकत होती, शब्द अडत होते, पण तो पुढे चालला होता. नायकाला पुढे समुद्रात काम मिळतं ते काय, हे सांगताना मात्र त्याचं गाडं अडलं. पाण्यातला बॉम्ब. बोट त्याला लागली की फुटतो. मराठीत काय?

"पाणसुरुंग," मी म्हटलं.

"पाणसुरुंग," तो म्हणाला. दोनदा, तीनदा. त्याला तो शब्द खाऊसारखा आवडला. मग त्याने सांगितलं की युद्धात पेरलेले पाणसुरुंग काढायला लाकडी बोट लागते, कारण लोखंडी बोट आली की चुंबकाने सुरुंग फुटतो. म्हणूनच नायकाची बोट इतकी मोडकी, लाकडाची होती. मला ते सिनेमातली गरिबी दाखवायला केलंय असं वाटलं होतं.

ज्या भाषणात मला डुलकी येत होती, ते त्याला जवळजवळ पाठ झालं होतं. शास्त्रज्ञ म्हणतो, या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त केला. रणगाड्याला धड पत्रा नाही. सैनिकांना पाठवलं पण खायला दिलं नाही, निम्मे भुकेने आणि आजाराने मेले. आता आपण लढू ते कुणी मरू नये म्हणून.

मी म्हटलं, "हे खरं आहे. तुझ्या पणजोबांनी पाहिलं होतं."

हे मी का बोलले, ठरवून बोलले नाही. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या लॉरीवर चालक होते. दिमापूरहून इंफाळला आणि पुढे टामूच्या रस्त्याने ब्रह्मदेशाच्या हद्दीकडे शिधा पोचवायचं काम. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमावर चालून आल्या आणि जुलैत पावसात माघारी फिरल्या. घरी परतल्यावर वडील त्या दिवसांबद्दल अक्षर बोलत नसत. दिवाळीत फटाके सुरू झाले की मागच्या खोलीत जाऊन बसत, आणि ताटात कुणी काही टाकलं तर उठून जात. इतकंच आम्हाला ठाऊक.

नातवाने पोळी खाली ठेवली. "त्यांनी जपानी लोकांना मारलं?"

त्याच्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांपैकी भारतीय तो एकटा. शेजारच्या ज्या घरी तो संध्याकाळी खेळायला जातो, तिथल्या भिंतीवर लष्करी टोपीतल्या एका तरुणाचा काळा-पांढरा फोटो आहे. मी तो पाहिला होता. तोही हेच आठवत असणार.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, राजा. लॉरी चालवत होते. पण बंदूक असायची प्रत्येकाकडे." मग मला जे माहीत होतं ते सांगितलं. आईला त्यांनी एकदाच सांगितलेली गोष्ट, जी आईने मला त्यांच्या तेराव्याच्या रात्री सांगितली. पावसात, रस्त्याच्या कडेला, झाडाला टेकून एक जपानी सैनिक बसला होता. हाडांचा सापळा. मांडीवर रिकामा डबा. त्याने हात वर केले नाहीत की काही मागितलं नाही, फक्त लॉरीकडे बघितलं. लॉरीत आटा होता. ताफ्यात एक गाडी थांबली तर मागच्या सगळ्या थांबतात, म्हणून थांबायचा हुकूम नव्हता. दुसऱ्या दिवशी रिकामी लॉरी घेऊन परतताना तो तिथेच होता, पण डोळे उघडे आणि माशा.

नातू शेवंतीच्या दिशेने बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्यांना पण ते, तसं, वाटायचं का? त्या पायलटसारखं?" त्याला शब्द सापडत नव्हता आणि खरं सांगते, मलाही. अपराधी म्हणावं तर गुन्हा कोणता? लाज म्हणावी तर कशाची? आम्ही दोघांनी मिळून दोन-चार शब्द लावून बघितले, मराठीचे आणि जपानीचे. कुठलाच बसला नाही. मग त्याने खाली ठेवलेली पोळी उचलली आणि संपवली.

त्या दिवसानंतर माझ्याशी तो 'काही नाही' असं म्हणाला नाही. अडला तर जपानी शब्द सांगायचा, हातवारे करायचा, आणि मी मराठी शब्द शोधून द्यायचे. पण अडायचा, थांबायचा नाही.

रविवारी त्याने मला युमेनोशिमाला नेलं. ही जागा निशी-कसाईपासून लांब नाही, शिन-किबा स्टेशनवरून चालत पोचता येतं. नावाचा अर्थ स्वप्नबेट. प्रत्यक्षात एकेकाळी टोकियोचा कचरा टाकून भर घातलेलं बेट, आता मोठी बाग. त्या बागेत एका तिरक्या छताच्या इमारतीत एक लाकडी बोट ठेवली आहे. 'दाइगो फुकुर्‍यू मारू', म्हणजे 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पाच'. पहिल्या गोजिराचा जन्म समजून घ्यायचा तर इथे यायला हवं. पर्यटकांच्या यादीत ती बहुधा नसते, आणि माझ्या मते शिंजुकूच्या डोक्यापेक्षा ती आधी पाहावी.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट ताकदीची. ही टूना पकडणारी बोट तेव्हा दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, धोक्याच्या म्हणून ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर होती. पश्चिमेला पहाटेच्या आधीच उजाडलं. मग काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. प्रवाळाची, किरणोत्सर्गी. २३ खलाशी ती राख अंगावर घेत गळाच्या दोऱ्या आवरत राहिले. याइझू बंदरात परतेपर्यंत ते आजारी पडले होते. बोटीचे वायरलेस चालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. अणुबॉम्बचा शेवटचा बळी मीच असावा, अशा अर्थाचं त्यांचं मागणं तिथे बाहेर दगडावर कोरलेलं आहे.

बाजारातली टूना मासळी तपासून पुरावी लागली. आणि मग जे झालं ते मला सगळ्यांत आवडलं. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी, ज्यांचा रोजचा मासा असा विषारी झाला होता, बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम सुरू केली. पुढच्या वर्षापर्यंत ती देशभर पसरून तीन कोटींच्या वर सह्या झाल्या. त्याच एप्रिलमध्ये आपल्या संसदेत पंडित नेहरूंनी अशा चाचण्या थांबवा, अशी मागणी केली होती. आणि त्याच वर्षी, बोट परतल्यावर आठ महिन्यांच्या आत, बॉम्बने जागा केलेला राक्षस टोकियोच्या पडद्यावर आला. दिग्दर्शक होंडा स्वतः सैनिक म्हणून चीनमध्ये होते आणि घरी परतताना त्यांनी हिरोशिमाची राख पाहिली होती. राक्षस म्हणजे रबराच्या जड पोशाखात घामाघूम झालेला हारुओ नाकाजिमा नावाचा नट, शहर म्हणजे लाकूड-प्लास्टरची छोटी घरं. तरी तेव्हाचे लोक हसले नसावेत. युद्ध संपून नऊ वर्षंच झाली होती.

बोटीची पुढची कहाणीही जपानीच. स्वच्छ करून, नाव बदलून ती मासेमारीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला वापरली. १९६७ मध्ये मोडीत काढून याच कचऱ्याच्या बेटावर टाकून दिली. ती ओळखून, वर्तमानपत्रांतून लिहून, वर्गण्या काढून साध्या नागरिकांनी ती वाचवली आणि १९७६ मध्ये हे संग्रहालय उघडलं. आत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सोमवारी बंद असतं. काचेच्या बाटलीत ती राख ठेवली आहे, चिमूटभर.

नातू बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला. मग परत आला आणि लाकडाकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, ही पण लाकडी. पाणसुरुंगवाल्यांसारखी." तिथे बसलेल्या स्वयंसेवक आजींना त्याने जपानीत काहीतरी बराच वेळ सांगितलं. त्या आजी उठून माझ्यासमोर आल्या आणि वाकल्या. खूप खाली, खूप वेळ. काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "पणजोबांची गोष्ट." मीही वाकले. दुसरं काय करणार, भाषा नव्हती.

दिवाळी झाली आणि मी परतले. चार महिन्यांनी, २०२४ च्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, मी चहा टाकत असताना फोन वाजला. तिकडे दुपार होती. अमेरिकेत ऑस्करचा सोहळा नुकताच झाला होता. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी आणि त्यांचे सहकारी सोनेरी गोजिराची बाहुली हातात धरून मंचावर गेले होते. दृश्य परिणामांचं बक्षीस. हॉलीवूडमध्ये अशा चित्रपटांवर शेकडो माणसं राबतात. यांनी ३५ जणांत ६१० दृश्यं केली होती. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. फोनवर पडद्याला नाक लावून नातू एवढंच ओरडत होता, "आजी, पाणसुरुंगवाल्यांना ऑस्कर मिळाली!"

"मिळालं," मी म्हटलं.

"मिळालं!"